गाडी सुटली की घड्याळ लावा: ठाण्याहून थीम पार्कला जाणाऱ्यांसाठी

रोलर कोस्टरच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे बघा. सगळ्यांच्या माना वर. किती उंच आहे, कुठे उलटं होतं, कोण किती जोरात किंचाळतंय. मीही पहिली काही वर्षं तेच केलं. माझ्या वयाच्या ठाणेकरांनी पहिला रोलर कोस्टर पाहिला तो गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये. ते १९८९ साली सुरू झालं. घोडबंदर रस्त्याने बोरिवली गाठायची, तिथून गोराईची जेट्टी, मग लाँच, आणि लाँचमधूनच पाळण्यांचे आकार दिसायला लागायचे. आता माझ्या भाचीला घेऊन जाते तेव्हा मात्र माझी नजर खाली, प्लॅटफॉर्मवर असते. गाडी किती वेळाने सुटते, पट्टे तपासणारा मुलगा हात लावून तपासतो की नुसता बघत पुढे जातो, कंट्रोल पॅनेलवरची मुलगी कुणाचा इशारा आल्यावर बटण दाबते. आपला दिवस कसा जाणार ते या चार-पाच माणसांवर ठरतं. ही नजर कुणालाही येते. कशी कमवायची आणि तिच्या जोरावर दिवस कसा आखायचा, ते क्रमाने सांगते.

पहिला धडा घराजवळ

थेट मोठ्या पार्कला जाऊ नका, विशेषतः मूल पहिल्यांदाच जाणार असेल तर. ठाण्यात मानपाड्याला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी टिकुजीनी वाडी आहे. नवी मुंबईत नेरूळला सेक्टर १९ए मध्ये महापालिकेचं वंडर्स पार्क आहे. जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आणि टॉय ट्रेन हे त्याचं मुख्य आकर्षण. अशा ठिकाणी मुलाला उंची सोसते का, गोल फिरणं सोसते का, की नुसता वेग आवडतो, हे दोन-तीन तासांत कळतं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी भाची, ईरा, आकाशपाळण्यावर रडली आणि त्याच दिवशी ड्रॅगनच्या छोट्या कोस्टरवर लागोपाठ चारदा बसली. तिला वर थांबून राहणं नको होतं, इतकंच. ते आधी कळलं म्हणून पुढच्या सगळ्या सहली सोप्या झाल्या.

तुमची नजर तयार व्हायलाही इथला आकाशपाळणा उत्तम. माणसं भरताना ऑपरेटरकडे लक्ष द्या. जाणता ऑपरेटर पाळणे ओळीने भरत नाही. एक पाळणा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो, मग मधले. जाडजूड चौघं एका पाळण्यात बसली असतील तर बरोबर समोरच्या पाळण्यातही तेवढंच वजन बसवतो. असं केलं नाही तर चाकाची जड बाजू खाली ओढते, मोटरला आणि ब्रेकला झटके बसतात, आणि वर बसलेल्यांना ते धक्के जाणवतात. दहा मिनिटं बाकावर बसून हे भरणं बघा. चाक सावकाश, एकसारखं फिरत असेल तर बेलाशक बसा.

आदल्या दिवशी

मुलाची उंची घरी मोजा, बूट-चप्पल काढून, दाराच्या चौकटीला पाठ टेकवून. हे मी अनुभवाने सांगतेय. एका पार्कमध्ये आम्ही चाळीस मिनिटं रांगेत काढली आणि जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर ईराला पट्टीखाली उभं केलं तेव्हा ती दोन बोटं कमी भरली. खालच्या दाराशी पट्टी होती, पण तिथे कुणी उभं नव्हतं आणि आम्हीही पाहिली नाही. ती रडत जिना उतरली, रांगेतल्या सगळ्यांच्या अंगावरून. तेव्हापासून नियम असा: पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंचीची अट आधी वाचायची, मुलाला घरीच सांगून ठेवायचं की यातल्या अमुक राइड या वर्षी नाहीत, आणि पार्कमध्ये पोचल्यावर सगळ्यात आधी पट्टीशी उभं करायचं. १२० आणि १४० सेंटीमीटर हे आकडे बहुतेक ठिकाणी भेटतात. आणि उंच टाचांचे बूट घालून मुलाला अटीत बसवायचा विचारही करू नका. ही अट बसणाऱ्याच्या खांद्याशी आणि मांडीशी लोखंड नीट टेकावं म्हणून असते. टाचेने खांदा पट्ट्यापर्यंत पोचत नाही.

कपडे. ओढणी घरी ठेवा, खरंच. गो-कार्टच्या मागच्या आसात ओढणी किंवा मोकळे केस गुंतणं हा जीवघेणा प्रकार आहे, आणि गरगर फिरणाऱ्या कुठल्याही यंत्राजवळ तोच धोका असतो. केस घट्ट बांधून वर घ्यायचे. मंगळसूत्र, लांब कानातली, सैल बांगड्या काढून ठेवायच्या. चष्म्याला मागून दोरी लावा. स्टेशनरीच्या दुकानातही मिळते. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल किंवा बूट.

वार निवडताना एवढं लक्षात ठेवा की मधला वार म्हणजे मोकळं पार्क असं दर वेळी होत नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली मधल्या वारांनाच येतात. त्यातही एक सोय असते: सहलींच्या बस संध्याकाळी लवकर परत निघतात आणि नंतरचे दोन तास पार्क जवळजवळ तुमचं असतं. परीक्षांच्या तोंडावरचे आणि शाळा सुरू झाल्या-झाल्याचे जूनमधले दिवस मला सगळ्यात आवडतात.

खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाला जायचं असेल (२०१३ साली सुरू झालेलं, आपल्या भागातलं सगळ्यात मोठं) तर ठाण्याहून ऐरोली, पनवेल, एक्स्प्रेसवे अशी गाडी घालता येते, किंवा खोपोली लोकल. थेट खोपोलीच्या गाड्या मोजक्याच असतात, म्हणून वेळापत्रक बघून ठेवा आणि परतीची गाडी आधी ठरवा. गेट उघडायच्या अर्धा तास आधी दारात असायचं. सकाळचा पहिला तास दुपारच्या अडीच तासांच्या बरोबरीचा असतो.

गेटमधून आत शिरल्यावर

लोक शिरतात आणि जी राइड पहिली दिसते तिच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही सरळ चालत पार्कच्या मागच्या टोकाला जा आणि तिथून पुढे या.

आणि पहिली राइड निवडताना सगळ्यात प्रसिद्ध राइड निवडायचा मोह आवरा. मोठा कोस्टर मोठाच असतो: लांब गाडी, भरपूर बाकं, तासाला पुष्कळ माणसं निघून जातात. खरी रांग साचते ती छोट्या, लाडक्या राइडना. एकच आखूड गाडी असलेला मुलांचा कोस्टर, बारा-सोळा जणांचा फिरता पाळणा, चार-चार जणांच्या होड्या. या राइड अकरानंतर हलता हलत नाहीत. त्या सकाळी उरकून घ्या. मोठा कोस्टर जेवणाच्या वेळी किंवा पार्क बंद व्हायच्या शेवटच्या तासात घ्या.

रांगेत शिरण्याआधी: घड्याळ

या लेखातलं हे एक तरी करून बघाच. राइडच्या बाहेर, प्लॅटफॉर्म दिसेल अशा जागी उभे राहा. गाडी सुटली की मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू करा. पुढची गाडी सुटली की आकडा बघा. असं तीनदा करा, कारण एखादी फेरी कुणाच्या तरी बॅगेमुळे लांबते. मधला आकडा धरा.

समजा गाडीत २४ जागा आहेत आणि दर १२० सेकंदांनी गाडी सुटते. तासाला ३० गाड्या, म्हणजे ७२० माणसं. आता रांग मोजा: वळणावळणाच्या कठड्यांमधल्या एका पट्ट्यात किती जण आहेत ते मोजायचं आणि पट्ट्यांच्या संख्येने गुणायचं. तुमच्यापुढे २४० माणसं असली तर २० मिनिटं. तीच गाडी १८० सेकंदांनी सुटत असेल तर तासाला ४८० माणसं आणि तुमची ३० मिनिटं. दुसरी गाडी देखभालीसाठी बाजूला काढलेली असेल, एकाच गाडीवर काम चाललं असेल आणि फेरी ३०० सेकंदांची झाली असेल, तर तासाला २८८ माणसं आणि ५० मिनिटं. रांग तीच, माणसं तेवढीच. बाहेरच्या पाटीवरचा अंदाज सकाळी लावलेला असू शकतो. तुमच्या घड्याळातला आकडा आत्ताचा असतो.

सुटणाऱ्या गाडीत रिकाम्या जागा किती तेही बघा. २४ पैकी दर वेळी ५-६ जागा मोकळ्या जात असतील तर तुमचा वेळ त्याच प्रमाणात वाढवा. जिथे फाटकाशी उभी असलेली एक व्यक्ती "तुम्ही किती जण? तिघं? आणि एकटं कुणी आहे का मागे?" असं विचारत ओळी भरते, ते पार्क चांगलं चाललंय असं समजा. तिथे एकटे गेलात तर हात वर करा, बऱ्याचदा वीस जणांच्या पुढे नंबर लागतो.

आता १२० सेकंद कुठे जातात ते पाहू. उतरणाऱ्यांना पट्टे सोडवायला वेळ लागतो, मग ते बॅगा शोधतात, मग फाटक उघडतं, चढणारे "मी कडेला बसते", "नको, तू इकडे ये" करत जागा बदलतात, मग पट्टे, मग तपासणी. यातली तपासणी सोडून बाकी सगळं आपल्या हातात आहे. पाण्याची बाटली, टोपी, मोबाइल, सगळं एकाच बॅगेत, आणि बॅग खाली थांबलेल्या आजी-आजोबांकडे. फाटक उघडण्याआधी कोण कुठे बसणार ते ठरलेलं. बसल्या-बसल्या पट्टा ओढायचा आणि हात वर, म्हणजे तपासणाऱ्याला बक्कल दिसतं. प्रत्येक गाडीने असे २० सेकंद वाचवले तर १२० चे १०० होतात, तासाला ३० ऐवजी ३६ गाड्या, म्हणजे १४४ माणसं जास्त. मी रांगेत हे गणित शेजारच्या अनोळखी लोकांनाही सांगते आणि ते ऐकतात. पुढच्या खेपेला त्यांच्या बॅगा आधीच बंद असतात.

ईरा आता नऊ वर्षांची आहे आणि घड्याळाचं काम तिचं. "मावशी, एकशे चौतीस! मघाशी एकशे अठरा होते. काहीतरी झालंय." खरंच झालं होतं, पट्टे तपासणाऱ्या दोघांपैकी एक जण जेवायला गेला होता.

कुठल्या ओळीत बसायचं

निवड करायला मिळाली तर हे लक्षात ठेवा. साखळी गाडीला वर नेऊन सोडते, त्यानंतर साध्या कोस्टरला इंजिन नसतं. वर नेताना साठवलेली उंचीच पुढे वेग होऊन परत मिळते. ४० मीटरवरून विनाअडथळा खाली आलेली वस्तू तळाशी ताशी साधारण १०० किलोमीटरचा वेग गाठते. सारं गणित एवढंच आहे. पण गाडी लांब असते. पुढची ओळ माथा ओलांडते तेव्हा बाकीची गाडी अजून मागे चढावर असते, म्हणून पुढचे क्षणभर उतारावर लटकून खाली बघत राहतात. शेवटची ओळ माथ्यावर पोचते तेव्हा पुढची सगळी गाडी उतरणीला लागलेली असते आणि ती मागच्यांना खसकन ओढून नेते. बूड सीटवरून उचललं जातं, पोटात गोळा येतो तो इथे. देखावा आणि वारा हवा असेल तर पहिली ओळ, पोटातला गोळा हवा असेल तर शेवटची. पहिल्यांदाच बसणाऱ्याला मध्ये बसवा. पहिल्या ओळीसाठी वेगळी रांग असेल तर ती एकदाच धरा, आणि ती उजेड असताना.

इमॅजिकातल्या नायट्रोवर हा फरक फार स्पष्ट कळतो. बॉलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलेला हा तळ नसलेला कोस्टर. चार-चार जणांच्या ओळी, सुमारे ४० मीटर उंची आणि ५ वेळा उलटं. सगळे बसले की पायाखालची फळी बाजूला होते आणि पाय हवेत लोंबकळतात. म्हणून सैल चपला आधीच काढायच्या.

उलटं होताना माणूस पडत का नाही, हे मला मुलं नेहमी विचारतात. नीट आखलेल्या लूपमध्ये वेग एवढा असतो की वरच्या टोकालाही शरीर सीटवरच दाबलं जातं. शिवाय डब्याला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तीन प्रकारची चाकं असतात. रूळ त्यांच्या मुठीत असतो. रुळाखालून धरणाऱ्या चाकांचं पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतलं आणि त्यानंतरच कोस्टरचे उतार तीव्र होऊ शकले. आणि लूपचा आकार पाहा: तो गोल नसतो, अश्रूच्या थेंबासारखा वर निमुळता असतो. १८९५ साली अमेरिकेत कोनी आयलंडला पूर्ण गोल लूप बांधला होता. त्यात शिरताना मानेला असा हिसका बसायचा की लोक त्याला घाबरू लागले. निमुळत्या आकाराने हा भार हळूहळू चढतो. या आकाराचा पहिला आधुनिक लूप १९७६ साली कॅलिफोर्नियात झाला, आणि आजचे लूप त्याच वळणाचे आहेत.

एक बारकावा. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांपेक्षा संध्याकाळच्या फेऱ्या वेगवान असतात. दिवसभर फिरून चाकं आणि बेअरिंगमधलं वंगण तापतं, घर्षण कमी होतं. त्याच राइडवर सकाळी आणि दिवेलागणीला बसून बघा.

पट्टा

मांडीवर येतो तो लॅपबार, खांद्यांवरून येतो तो हार्नेस. काही कट-कट करत दात्या-दात्याने बसतात, काही तेलाच्या दाबावर चालतात आणि आवाज न करता कुठेही अडकतात. आवाज आला नाही म्हणून घाबरू नका. बार खाली आला की पाठ आणि कंबर मागे टेकलेली आहे ना ते पाहा, मग बार मांडीच्या वळणाशी येईपर्यंत दाबा. पोट आत ओढून बार जास्त घट्ट करू नका, नंतर श्वास घेताना त्रास होतो. पुढे सरकून बसून जागाही राखू नका. गाडी सुटल्यावर तीच जागा अंगाशी येते.

चांगला तपासनीस बार आधी खाली दाबतो आणि मग वर ओढून बघतो. दोन हालचाली. मग पट्ट्याचं टोक ओढतो. मग पुढे. सगळे झाले की अंगठा वर करून पॅनेलकडे बघतो, आणि पॅनेलवरची व्यक्ती दोन्ही बाजूंचे अंगठे दिसल्याशिवाय बटणाला हात लावत नाही.

एकदा एका पार्कमध्ये मी शेवटच्या ओळीत होते. घाईची वेळ होती. तपासणारा माझ्या पुढच्या ओळीपर्यंत आला आणि वळला. मी दोन्ही हात वर करून ओरडले, "इकडे राहिलंय!" तो परत आला, बार दाबला, आणि तो आणखी एक दाता खाली बसला. कुणी रागावलं नाही, गाडी दहा सेकंद उशिरा सुटली. तुम्हीही ओरडा. ओशाळून गप्प बसू नका, आणि मूल सोबत असेल तर त्यालाही हे शिकवा: हात वर, मोठ्या आवाजात "थांबा".

हृदयविकार, पाठीचं किंवा मानेचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण: पाटीवर लिहिलेलं असतं ते मनापासून माना. ज्यांच्यावर बार बसत नाही अशा धिप्पाड माणसांना काही राइडबाहेर फाटकाशी ठेवलेली रिकामी सीट तपासून बघता येते. वर जाऊन परत फिरण्यापेक्षा ते बरं.

मध्येच थांबली तर

चढावर टक-टक-टक आवाज येतो तो गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खुंट्यांचा. साखळी तुटली तरी गाडी तिथेच अडकून राहावी म्हणून त्या असतात. चढावर गाडी थांबली की आरडाओरडा सुरू होतो. पण कळव्याजवळ सिग्नल लाल म्हणून लोकल थांबते तेव्हा आपण घाबरतो का? कोस्टरचा मार्गही तसाच टप्प्यांमध्ये विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एकच गाडी शिरू शकते. पुढची गाडी प्लॅटफॉर्मवर अडली, एखाद्या सेन्सरला गाडी दिसली नाही, की यंत्रणा मागच्या गाडीला वरच्या ब्रेकवर किंवा चढावर धरून ठेवते. बसून राहा, बार सोडवायचा प्रयत्न करू नका, पायऱ्यांवरून माणूस येईल तो सांगेल तसं करा.

सकाळी रिकाम्या गाड्या फिरताना दिसल्या तर समजा की रोजची चाचणी चालू आहे. पावसाळ्यात वीज कडाडली किंवा वारा वाढला की उंच राइड थांबवतात, आणि ओल्या रुळावर ब्रेकचा हिशेब बदलतो म्हणूनही थांबवतात. अशा वेळी रांगेतल्या मुलावर चिडणारी माणसं मी पाहिली आहेत. राइड बंद करायचा निर्णय घेणं हे त्या मुलाच्या कामातलं सगळ्यात अवघड काम असतं. रांगेतून बाहेर पडा, इनडोअर राइड किंवा शो बघा, आणि पाऊस थांबल्यावर पंधरा मिनिटांत परत या. गर्दी पांगलेली असते.

मळमळीबद्दल थोडंसं. उपाशी बसू नका आणि भरल्या पोटीही. सकाळी पोहे-उपमा, दुपारी अर्धं जेवण, आणि जेवणानंतर पाऊण तास गोल फिरणारं काहीही नाही. डोळे उघडे ठेवून लांबच्या एका बिंदूकडे बघायचं, डोकं मागे टेकवायचं. पर्समध्ये आलेपाक ठेवते मी.

पाण्यात

वॉटर पार्कला नायलॉन-लायक्राचे कपडे सांगतात ते उगाच नाही. सुती कपडे पाणी पितात, जड होतात, घसरगुंडीवर अडकतात. जीन्सची बटणं आणि चेन फायबरला ओरखडे पाडतात आणि पुढच्या माणसाची पाठ सोलते. उंच घसरगुंडीवर पाठीवर झोपून, घोटे एकावर एक, हात छातीवर घडी. खाली पोचल्याबरोबर बाजूला व्हायचं. वरचा माणूस सोडतो तो खालच्या सहकाऱ्याचा इशारा बघून, म्हणून वर बसल्यावर स्वतःहून सुटू नका.

जीवरक्षकांकडे पाच मिनिटं बघा. जगभर शिकवला जाणारा एक नियम असा की आपल्या वाट्याच्या पाण्यावरून दहा सेकंदांत नजर फिरवायची आणि अडचणीतल्या माणसापर्यंत पुढच्या वीस सेकंदांत पोचायचं. मान सतत फिरणारा, उभा किंवा चालता जीवरक्षक दिसला की मी निश्चिंत होते. मोबाइलमध्ये डोकं घातलेला दिसला की आमची मुलं त्या तलावात उतरत नाहीत. लाटांच्या तलावात भोंगा वाजला की लहान मुलांना गुडघाभर पाण्यात, हाताच्या अंतरावर. फ्लोटर आहे म्हणून लांब जायचं नाही.

पाण्याला डोळे झोंबवणारा उग्र वास येतो तेव्हा लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलट असतं: घाम, लघवी आणि अंगावरचं तेल क्लोरीनशी मिळून क्लोरामाइन होतं, आणि तो वास त्याचा. स्वच्छ तलावाला वास जवळजवळ नसतो आणि तळाच्या फरशीच्या रेघा स्पष्ट दिसतात. आत जाण्याआधी शॉवर घ्या म्हणतात ते यासाठीच.

जत्रेतला पाळणा

आपल्याकडे नवरात्रात, उरुसाला, मैदानांवर पाळणे लागतात आणि मुलं मागे लागतातच. मी नाही म्हणत नाही, पण एक फेरी मारते. पाळण्याच्या पायाखाली काय आहे? जाड लाकडी ठोकळे सपाट जमिनीवर, की विटांचे तुकडे ओल्या मातीत? जोडांच्या खिळींना टोकाशी क्लिप आहेत, की तारेने बांधलंय? वायरी उघड्या जमिनीवरून, माणसांच्या पायांतून गेल्यात का? पाळण्याच्या दाराला कडी आहे आणि ती मुलाच्या हाताने उघडत नाही ना? चालवणारा माणूस फिरत्या पाळण्याजवळून हलत नाही ना? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर मुलांना उसाचा रस पाजून घरी आणते. पटलं तर मीही बसते, आणि सगळ्यात वरून आपलं गाव दिव्यांत दिसतं.

निघताना

शेवटच्या तासात मोठा कोस्टर, अंधारात. पार्क बंद व्हायच्या वेळी जे रांगेत असतील त्यांना सोडतात का, ते दुपारीच विचारून ठेवा.

मग बाहेर पडताना पाहुण्यांच्या कक्षाशी दोन मिनिटं थांबा. तिथे लोक फक्त तक्रार करायला जातात. ज्या राइडचं काम तुम्हाला आवडलं तिचं नाव, वेळ, आणि छातीवरच्या बिल्ल्यावर वाचलेलं नाव लिहून द्या. अशी चिठ्ठी त्या मुलांच्या साहेबापर्यंत पोचते. गेल्या खेपेला ते मी ईराला लिहायला लावलं. तिने बिल्ल्यावरचं नाव नीट उतरवलं आणि खाली लिहिलं: शेवटच्या ओळीतल्या आजींचा बार यांनी दोनदा तपासला. गाडी दर १०६ सेकंदांनी सुटत होती. वेळ दुपारी ४ वाजून १० मिनिटं.